पायवाट आणि पेन्सिल

चालण्यासाठी माणसे पैसे मोजतात, असे मला दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते, तर मी त्या गृहस्थाला वेड्यात काढले असते. गेली चाळीस वर्षे मी रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या फुकट चढतो आणि फुकट उतरतो. वर कट्ट्यावर ज्या राजकारणाच्या गप्पा होतात, त्याही फुकटच. त्यामुळे मँचेस्टरहून आमच्या लेकीचा फोन आला, की “बाबा, तुम्ही दोघं मे महिन्यात इकडे येताच आहात, तर तुमचं लेक डिस्ट्रिक्टला आठ दिवसांचं बुकिंग केलंय. तुम्ही डोंगर चालायचे, आईनं चित्रं काढायची,” तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो अर्थातच खर्चाचा. तिने पौंडांत आकडा सांगितला. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले आणि हातातला चहा गार झाला.

“आणि हिला आता या वयात चित्रं कशाला?” मी विचारले.

फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग लेक म्हणाली, “बाबा, आई इंटरमिजिएटला ए ग्रेडमध्ये पास झाली होती. तुम्हाला ठाऊक आहे ना?”

ठाऊक होते. पण ठाऊक असलेल्या सगळ्याच गोष्टी माणूस बोलून दाखवत नाही. मी फोन हिच्या हातात दिला आणि वर्तमानपत्र उघडले.

अशा रीतीने २०२४ सालच्या मे महिन्यात, मी बहात्तर वर्षांचा आणि ही अडुसष्ट वर्षांची, असे आम्ही दोघे मँचेस्टरहून आगगाडीने पेनरिथला आणि तिथून बसने केझिकला येऊन पोचलो. केझिकला पूर्वी रेल्वे होती; ती १९७२ साली बंद झाली. माझ्या पाठीवर नवी कोरी सॅक, हिच्या हातात लेकीने घेऊन दिलेली रंगांची पेटी आणि दोघांच्या डोक्यावर, पुणेकर मंडळी हसली तर हसोत, माकडटोप्या!

गावाबाहेर तळ्याच्या काठी एका मोठ्या दगडी घरात आमचा मुक्काम होता. वाचकहो, ‘तळे’ म्हटल्यावर तुम्ही सारसबागेचे किंवा फार तर कात्रजचे तळे डोळ्यांपुढे आणाल. हे डर्वेंटवॉटर म्हणजे तीन मैल लांब आणि मैलभर रुंद असे सरोवर. मधे चार हिरवी बेटे आणि चहूकडून डोंगर असे उभे, की लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या नवरीभोवती मामे-मावश्या उभ्या राहाव्यात. या डोंगरांना तिकडे ‘फेल’ म्हणतात, ओढ्याला ‘बेक’ आणि डोंगरावरच्या छोट्या तळ्याला ‘टार्न’. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेले नॉर्स लोक हे शब्द मागे ठेवून गेले. असा हा सगळा मुलूख १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तरी इथे माणसे राहतात, मेंढ्या पाळतात आणि भिंतीवरून शेजाऱ्याशी भांडतातही.

पावसाबद्दल लेकीने आधीच बजावले होते. जवळच्या बॉरोडेल खोऱ्यातले सीथवेट हे इंग्लंडातले सर्वांत पावसाचे वस्तीचे ठिकाण; वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. मी म्हटले, “आमचं महाबळेश्वर याच्या दुपटीच्या आसपास जाईल!” आमच्या घरातल्या वाटाड्याने अदबीने मान डोलावली आणि विचारले, “तिथला पाऊस चार महिन्यांनी थांबतो का हो?” मी होय म्हटले. “आमचा थांबत नाही,” तो म्हणाला.

घरातली रीत साधी होती. सकाळी न्याहारी झाली, की बावीसजणांचे दोन तट पडत. चालणारे एकीकडे, चित्रे काढणारे दुसरीकडे. चालणाऱ्यांत पुन्हा सोपी, मध्यम आणि अवघड अशा तीन इयत्ता. पर्वतीचे पुण्य गाठीशी असल्यामुळे मी मध्यममध्ये नाव घातले. दुपारच्या खाण्याची पुडकी सकाळीच बांधून मिळत. पावाच्या त्या थंड चकत्या खाताना मला रोज पिठल्याची आठवण येई. पण तक्रार करायची सोय नव्हती, कारण समोर बसलेली ऐंशी वर्षांची बाई तेच खाऊन माझ्यापुढे डोंगर चढत होती.

पहिल्या दिवशी पाऊस कोसळत होता, म्हणून दोन्ही तट मिळून पेन्सिलींचे संग्रहालय पाहायला गेलो. पेन्सिलीचे कसले संग्रहालय, असे मला वाटले होते. पण आपण ज्याला शिसपेन्सिल म्हणतो तिच्यात शिसे मुळीच नसते, ते असते ग्राफाइट. आणि सोळाव्या शतकात अतिशय शुद्ध ग्राफाइट सापडले ते याच बॉरोडेलच्या डोंगरात. धनगर आधी त्याने मेंढ्यांवर खुणा करीत. मग तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावण्यासाठी त्याला मागणी आली आणि भाव असा चढला, की चोऱ्या होऊ लागल्या. १७५२ साली तर खाणीतून ते चोरणे गंभीर गुन्हा ठरवणारा कायदाच करावा लागला! पुढे १७९५ साली फ्रान्समध्ये कॉन्ते नावाच्या गृहस्थाने ग्राफाइटची पूड चिकणमातीत मिसळून भाजण्याची युक्ती काढली आणि साध्या भुकटीतूनही पेन्सिली होऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धात इथे अशा पेन्सिली तयार झाल्या, की ज्यांच्या पोटात नकाशाची सुरळी आणि टोकाला खोडरबराखाली चिमुकले होकायंत्र लपवलेले असे.

मी या आकड्यांची टिपणे घेत होतो. ही मात्र एका टेबलाशी उभी राहून ठेवलेल्या नमुन्याच्या पेन्सिली एकामागून एक कागदावर ओढून पाहत होती. बोहारणीने जुनी पैठणी बोटांनी चाचपावी, तसा तिचा चेहरा झाला होता. “अगं, चल, सगळे निघाले,” मी म्हटले. तिने ऐकले नाही. छेचाळीस वर्षांच्या संसारात हे प्रथमच घडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणानंतर वाटाड्याने आल्फ्रेड वेनराइट या माणसाची गोष्ट सांगितली. हा वेनराइट १९०७ साली ब्लॅकबर्न या गिरणीच्या गावात जन्मला. नगरपालिकेच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून लागला. तेविसाव्या वर्षी सुट्टीत इकडे आला, एका टेकडीवर चढला आणि या मुलखाच्या प्रेमातच पडला. १९४१ साली कमी पगारावर जवळच्या केंडल गावी नोकरी घेतली. पुढे तिथेच पालिकेचा खजिनदार झाला. आठवड्याचे दिवस तो हिशेब करी आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून डोंगर चढे. त्याच्याकडे मोटार नव्हती. १९५२ साली त्याने ठरवले, की इथल्या डोंगरांची आपल्यापुरती एक वही करायची. रोज रात्री टाकाने एकेक पान लिहायचे. अक्षर हाताचे, नकाशे हाताचे, चित्रेही हाताचीच. छापखान्याचा एक टाइप नाही. १९५५ ते १९६६ या काळात त्याची सात पुस्तके झाली आणि त्यांत २१४ डोंगर आले. आजही ते २१४ चढून पुरे करणे हे हजारो लोकांचे व्रत आहे. १९९१ साली तो वारला, तेव्हा त्याची रक्षा त्याच्या लाडक्या डोंगरावरच्या एका टार्नकाठी विखुरली.

माझा ऊर भरून आला. मीसुद्धा छत्तीस वर्षे एका नगरपालिकेच्या हिशेब खात्यात काढली आहेत. जगात कुठेतरी आमच्या जमातीच्या माणसाने हे केले होते! मी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्यावर शेजारून आवाज आला. इंग्रजी बोलायला सहसा लाजणारी माझी सौभाग्यवती विचारत होती, “आणि त्यांची बायको?”

वाटाड्या जरा घुटमळला. मग म्हणाला, “तो संसार सुखाचा नव्हता, बाई. तो सुट्टीचे सगळे दिवस डोंगरावर असे आणि रात्री वहीवर. खजिनदारकीतून निवृत्त व्हायच्या सुमारास पहिली पत्नी घर सोडून गेली. १९७० साली त्याने दुसरं लग्न केलं, ते मात्र चांगलं झालं.”

ही “हं” म्हणाली आणि स्वेटरचे बटण लावू लागली. त्या ‘हं’चा अर्थ मला त्या रात्री लागला नाही.

तिसऱ्या दिवशी आमची मध्यम इयत्ता कॅटबेल्सला निघाली. चित्रकार मंडळी समोरच्या काठावर फ्रायर्स क्रॅग नावाच्या उंचवट्यावर बसणार होती. तिथे रस्किन या थोर कलासमीक्षकाचे स्मारक आहे. लहानपणी दाईने त्याला त्या जागी नेले होते आणि ती त्याची आयुष्यातली पहिली आठवण. आम्ही लाँचने तळे ओलांडले. कॅटबेल्सची उंची अवघी ४५१ मीटर. सिंहगड चढणाऱ्याला ती टेकडीच वाटावी. वाटाड्याने बजावले होते, की कुणी माझ्यापुढे जायचे नाही. पण दोन्ही बाजूंना पिवळी फुललेली गॉर्सची झुडपे, काळ्याभोर कोकरांची उड्या मारणारी पिल्लावळ आणि अंगात पर्वतीचे वारे. मी भराभर पुढे गेलो.

ही मेंढरे हर्डविक जातीची. कोकरू जन्मते काळे आणि वयाबरोबर पांढरे होत जाते, म्हणजे आपल्यासारखेच. डोंगरावर कुंपण नाही, तरी प्रत्येक कळप आपल्याच चराईत राहतो. हद्द कोणती ते मेंढी आपल्या कोकराला चालवून शिकवते आणि ते कोकरू पुढे आपल्या कोकराला. जुने धनगर या मेंढ्या मोजताना इंग्रजी आकडे वापरत नसत. यान, त्यान, तेथेरा, मेथेरा, पिंप असे म्हणत. पाचाला ‘पिंप’ आणि दहाला ‘डिक’! वेल्श भाषेच्या कुळातले हे आकडे आपल्या ‘पंच’ आणि ‘दश’ यांचे दूरचे चुलतभाऊ लागतात, हे कळल्यावर मला त्या मेंढ्या एकदम सोयऱ्यांतल्या वाटू लागल्या.

वाटेत एक खडकाळ टप्पा लागतो. हजारो बुटांनी घासून तो खडक देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत झालेला आहे. मी हात न टेकता पाऊल टाकले, पाऊल सटकले आणि उजवा गुडघा खडकावर आपटला. क्षणात तो वांग्याएवढा सुजला. मागून येणारी मंडळी पोचेपर्यंत मी तिथेच टेकून बसलो. समोरच्या खडकात एक पाटी बसवलेली होती. दुसरे काही करण्याजोगे नव्हते म्हणून ती वाचली.

ती टी. ए. लिओनार्ड या धर्मोपदेशकाच्या स्मरणार्थ होती. हा लँकेशायरमधल्या कोल्न गावचा. तिथले गिरणीकामगार वर्षाची सुट्टी समुद्रकाठच्या जत्रेत पैसे उडवून काढीत. ते पाहून लिओनार्डने १८९१ साली तीसएक तरुणांना याच मुलखात अँबलसाइडला चालायला आणले. राहणे साधे, कामे वाटून घ्यायची, दिवसा डोंगर आणि रात्री गाणी-व्याख्याने. त्यातून सहकारी सुट्ट्यांची संस्था उभी राहिली आणि १९१३ साली त्याने आणखी एक, जास्त स्वस्त अशी संस्था काढली. चालण्याला पैसे कसले, असे म्हणणाऱ्या मला, सुजलेला गुडघा धरून, त्या चालण्याच्या मूळपुरुषासमोरच बसावे लागले. सगळ्यांनी एकत्र चालावे म्हणून ज्याने आयुष्य घालवले, त्याच्या पाटीपाशी एकट्याने पुढे धावणारा पडला! वाटाड्याने मला काही बोल लावला नाही. दोन सोबत्यांच्या खांद्यावर हात टाकून खाली आणले, इतकेच.

चौथ्या दिवशी डॉक्टरी बंदोबस्त म्हणून माझी बदली चित्रकारांच्या तुकडीत झाली. आम्ही आठजण तळ्याकाठी घडीच्या स्टुलांवर बसलो. शिकवणाऱ्या बाईंनी पहिला हुकूम सोडला, “दहा मिनिटं कुणीही काही काढायचं नाही. नुसतं बघायचं.”

दहा मिनिटे नुसते बघणे किती अवघड असते, याची कल्पना हिशेबाच्या माणसालाच यावी. तिसऱ्या मिनिटाला मी बेटे मोजली, पाचव्याला होड्या. मग बाईंनी एक गंमत सांगितली. अठराव्या शतकात इकडे हौशी प्रवासी येत, ते काळसर काचेचा एक फुगीर आरसा घेऊन. देखाव्याकडे चक्क पाठ करायची आणि आरशात तो पाहायचा, कारण आरशात तो चित्रासारखा दिसतो. टॉमस ग्रे हा कवी १७६९ साली केझिकला असाच तो आरसा हातात धरून असताना चिखलाच्या वाटेत उताणा पडला. हाताची बोटे तेवढी खरचटली. सगळे हसले. माझ्या गुडघ्याकडे पाहून जरा जास्तच हसले.

मी मेंढी काढली. हिने डोकावून पाहिले आणि विचारले, “गाढव का काढलंत?” मग मी हिची वही मागितली. आदल्या दिवशीचे पान उघडले.

फ्रायर्स क्रॅगवरून दिसणारा कॅटबेल्स होता. खाली तळ्याचे राखाडी पाणी, मधे पाइनची काळी रेघ, वर ओल्या कागदावर सोडून दिलेले ढग. मला चित्रातले कळत नाही, पण तो डोंगर भिजलेला आहे हे मला कळले. चढावर बारीक बारीक ठिपके होते. मी सवयीने मोजले. अकरा ठिपके एका ओळीत आणि एक त्यांच्यापासून सुटा, बराच पुढे.

“ही आमची मंडळी?”

“हो.”

“एवढ्या लांबून दिसत होतो आम्ही?”

“छे! दिसणार कुठून?”

“मग हा पुढचा ठिपका…”

“तुम्ही,” ती म्हणाली. “त्याला दिसायला कशाला हवं? तुम्ही नेहमीच पुढे चालता. मंडईतसुद्धा.”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच मला जड गेले. मग जे बोलायचे टाळत आलो होतो, ते मीच काढले. लग्नानंतरच्या वर्षी, १९७९ साली, हिने चित्रकलेच्या कॉलेजातून प्रवेशाचा अर्ज आणला होता. फी काही फार नव्हती. पण मी म्हटले होते, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी लेक झाली. त्याच्या पुढच्या वर्षी मी विसरलो. हिने तो अर्ज कपाटात कागदाखाली घालून ठेवला. मग लेकीच्या जीवशास्त्राच्या वहीतले बेडूक हिने काढले, शेजारपाजारच्या पोरांचे नकाशे काढले, दिवाळीत दारासमोर अशी रांगोळी काढली, की लोक ओलांडायला कचरत. आणि मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे, “हिच्या हातात कला आहे हो!”

“तुला माझा राग आला होता का गं?” मी विचारले.

तिने कुंचला पाण्यात खळबळला. “राग आला असता तर भांडले नसते का? मला वाटलं, तुम्ही खरंच पुढच्या वर्षी बघणार आहात.”

समोर लाँच जाऊन लाटा काठाला आल्या, त्या विरेपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

उरलेल्या दिवसांत मी चालणाऱ्यांत परत गेलो नाही. एके दिवशी बसने ग्रासमीअरला गेलो. वर्ड्सवर्थ कवी १७९९ ते १८०८ तिथल्या लहानशा घरात राहिला. त्याची बहीण डोरोथी रोजनिशी लिही. १८०२ सालच्या एप्रिलात अल्सवॉटरच्या काठी दोघांनी मिळून डॅफोडिलची फुले पाहिली. तिने ती त्याच दिवसाच्या नोंदीत बारकाईने टिपली, त्याची कविता दोनएक वर्षांनी आली. हिला ते फार आवडले. कवीच्या थडग्यापेक्षा ती त्या बहिणीबद्दलच विचारत राहिली. चर्चला लागून एक चिमुकले दुकान आहे. तिथे १८५४ पासून एकाच पद्धतीची आल्याची वडी मिळते. ती खाऊन आमच्या आजीच्या सुंठवड्याची आठवण झाली.

शेवटच्या दिवशी आम्ही दोघेच तळ्याच्या काठाने अॅशनेसच्या दगडी पुलाकडे निघालो. अंतर दोन-अडीच मैलांचे. मला तासभर पुरला असता. आम्हाला साडेचार तास लागले. ही पुढे आणि मी मागे, हातात स्टूल, काखेत छत्री, खिशात पाण्याची बाटली. दर शंभर पावलांवर ही थांबे. एकदा शेवाळलेल्या भिंतीपाशी, एकदा झाडाखाली पसरलेल्या निळ्या फुलांपाशी, एकदा तर नुसत्या डबक्यापाशी. सुरुवातीला मी घड्याळ पाहत होतो. नंतर लक्षात आले, की भिंतीतले दगड चुन्यावाचून एकावर एक बसवलेले आहेत, आणि डबक्यात अख्खा कॅटबेल्स उलटा पडलेला आहे. पर्वतीच्या वाटेवर चाळीस वर्षांत मी काय काय पाहिले असेल, हे आठवू गेलो, तर पायऱ्यांचा आकडा तेवढा आठवला.

पुण्यात परतल्यावर गॅलरीतले माझे लिहिण्याचे टेबल उत्तरेच्या खिडकीशी सरकवले. तिथला उजेड रंगांना चांगला असतो म्हणे. आता आठवड्यातून तीन दिवस ही चित्रकलेच्या वर्गाला जाते. वर्गात सगळी विशी-बाविशीची पोरे. तिला ‘काकू’ म्हणतात आणि तिच्याकडून रंग उसने नेतात. त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे असतो. आमटीचा अंदाज अजून चुकतो, पण हिशेब पक्का आहे.

मागच्या आठवड्यात दिवाळीची यादी करायला बसलो, तेव्हा ती म्हणाली, “यंदा वर्गाचं प्रदर्शन आहे. ऐन फराळाच्या आठवड्यात. माझी दोन चित्रं लागायची आहेत. पण फराळाचं बघावं लागेल ना, तेव्हा पुढच्या वर्षी…”

मी तिचे वाक्य पुरे होऊ दिले नाही. भाजणी दळून आणलेली आहे. चकल्यांचा सोऱ्या माळ्यावरून काढून मीच घासून ठेवला आहे. यंदा चकल्या मी तळणार आहे. ज्या वाचकांना आमच्याकडे फराळाला यायचे असेल त्यांनी दात बळकट असल्याची खात्री करून यावे. आणि यायच्या आधी प्रदर्शन मात्र पाहून यावे. भिंतीवर एक भिजलेला डोंगर असेल. त्यावर बारा ठिपके आहेत. परत आल्यावर तिने ते चित्र मोठे करून पुन्हा काढले, तेव्हा पुढचा ठिपका कुठे घ्यायचा, हे तिने मला विचारले होते. मी म्हटले, आहे तिथेच राहू दे.